समुद्री शेवाळातून डीएनए कसा काढतात?

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. निवडक प्रश्नोत्तरे शेवटी दिली आहेत.)

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की ही प्रयोगशाळेतल्या लोकांची आपापसातली गोष्ट आहे. थोडीफार ती तशी आहेच. पण यात एक गंमत आहे. शेवाळातला जो चिकट भाग आपण आइस्क्रीममध्ये, टूथपेस्टमध्ये, चायना ग्रासच्या पुडिंगमध्ये खातो-वापरतो, तोच भाग शेवाळाचा डीएनए आपल्या हाती लागू देत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी शेवाळाची शेती करायची, तोच गुण त्याची ओळख पटवण्याच्या आड येतो. आज आपण हा अडथळा समजून घेऊ, तो कसा ओलांडतात ते पाहू, आणि एवढा खटाटोप कशासाठी, तेही बघू.

डीएनए हवाच कशाला?

कोकणातल्या कुठल्याही खडपावर ओहोटीला जा. कोकणात जिला सुकती म्हणतात, ती पूर्ण लागली की खडकांवर हिरवीगार, पातळ, कोथिंबिरीच्या पानासारखी मऊ पात दिसते. ही उल्वा. कुठे ती चपट्या पानासारखी असते, कुठे लांब फितीसारखी, तर कुठे पोकळ नळीसारखी. खाडीचं गोडं पाणी मिसळलं, लाटांचा मार वाढला की तिचा आकार बदलतो. मग पान आणि नळी हे दोन वेगळे जीव मानायचे, की एकाच घरातले भाऊबंद?

लिनियसने १७५३ साली दोन्ही प्रकार उल्वा याच प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, घातले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात नळीवाल्यांना वेगळं काढून एंटेरोमॉर्फा असं नाव दिलं गेलं. पावणेदोनशेहून अधिक वर्षं पुस्तकांत ही दोन नावं चालली. २००३ साली डीएनएची तुलना झाली तेव्हा दिसलं की पानं आणि नळ्या वंशवृक्षावर एकमेकांत पार मिसळलेल्या आहेत. म्हणजे लिनियसचंच बरोबर होतं. एंटेरोमॉर्फा हे नाव मागे पडलं.

पण लिनियसचीही एक गोष्ट तपासायची राहिली होती. त्याने उल्वा लॅक्टुका हे नाव ज्या वाळवलेल्या नमुन्यावरून दिलं, तो लंडनच्या लिनियन सोसायटीच्या संग्रहात आहे. युरोपातल्या थंड समुद्रातल्या पानाला सगळे हेच नाव लावत होते. २०१९ साली त्या जुन्या नमुन्याच्या छोट्याशा तुकड्यातून डीएनए काढून वाचला गेला. तो जुळला उल्वा फॅसिएटाशी, म्हणजे उष्ण समुद्रातल्या उल्वाशी! संशोधकांचा अंदाज असा की तो नमुना उत्तर युरोपातला नसून हिंद-प्रशांत महासागराच्या बाजूने आलेला असावा. आता बघा, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या याद्यांमध्ये उल्वा फॅसिएटा हे नाव वर्षानुवर्षं नोंदवलं जातंय. आपल्या खडपावरची ही पात नेमकी तीच आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे नुसतं डोळ्यांनी सांगता येणार नाही. त्यासाठी डीएनए लागतो.

शेवाळ म्हणजे एकच कुटुंब नाही

मराठीत आपण सगळ्यालाच शेवाळ म्हणतो. शास्त्रात मात्र समुद्री शेवाळाचे तीन मोठे गट आहेत: हिरवं, लाल आणि तपकिरी. हिरवं आपल्या जमिनीवरच्या झाडांच्या जवळच्या नात्यातलं. लालही त्याच मोठ्या वंशातलं, पण फार जुन्या काळी वेगळं झालेलं. तपकिरी मात्र अगदीच निराळ्या घराण्यातलं. सरगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ किनाऱ्यावर वाहून आलेलं तुम्ही पाहिलं असेल, द्राक्षासारखे हवेचे छोटे फुगे असलेलं. ते दिसतं झुडपासारखं, पण त्याचं नातं आंब्याच्या झाडापेक्षा डायटम या एकपेशीय जीवांशी जवळचं आहे.

या तिघांच्या पेशीभित्तिका वेगवेगळ्या पदार्थांच्या. लाल शेवाळात अगर किंवा कॅराजीनन. तपकिरी शेवाळात अल्जिनेट आणि फ्युकॉइडन. हिरव्या उल्वात उल्व्हन. ही सगळी पॉलिसॅकराइड्स, म्हणजे साखरेचे रेणू एकापुढे एक जोडून झालेल्या लांबच लांब साखळ्या. लाटांनी आपटलं तरी तुटू नये, ओहोटीत तासन्‌तास उन्हात पडलं तरी सुकू नये, म्हणून शेवाळाने हा चिकट, लवचीक, पाणी धरून ठेवणारा अंगरखा घातलेला असतो.

अडचण नेमकी कुठे आहे?

भेंडी चिरताना तार सुटते, ती आठवा. तीही पॉलिसॅकराइडच. शेवाळ वाटलं की अशीच तार सुटते, पण कितीतरी जास्त. नुसता चिकटपणा असता तरी एक वेळ निभावलं असतं. खरा प्रश्न असा की ही साखळी डीएनएसारखीच वागते. डीएनए हा लांब धागा. हीसुद्धा लांब साखळी. डीएनएवर फॉस्फेटमुळे ऋण विद्युतभार असतो. यातल्या बहुतेकांवर सल्फेट किंवा आम्लाच्या गटांमुळे ऋण भार असतो. डीएनए पाण्यात विरघळतो, हीसुद्धा विरघळते. अल्कोहोल घातलं की डीएनए साक्याच्या रूपाने खाली बसतो, आणि हीसुद्धा बसते. म्हणजे डीएनए वेगळा काढायच्या ज्या साध्या युक्त्या, त्या सगळ्यांतून ही त्याच्याबरोबर सहीसलामत पार होते.

त्यात तपकिरी शेवाळाची आणखी एक खोड आहे, पॉलिफेनॉल्स. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? त्यातले फेनॉल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात म्हणून. सरगॅसम वाटलं की तेच होतं, आणि काळे पडलेले फेनॉल डीएनएला असे चिकटतात की मग सुटता सुटत नाहीत.

काम किनाऱ्यावरच सुरू होतं

अर्धं यश गोळा करतानाच ठरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खाली जाते, तेव्हा एरवी पाण्याखाली राहणारे खडक उघडे पडतात. शेवाळाची कोवळी टोकं घ्यायची. तिथे पेशी लहान आणि दाटीवाटीने असतात, म्हणजे तेवढ्याच तुकड्यात डीएनए जास्त. शिवाय जुन्या भागावर जसे इतर जीव बसतात तसे टोकावर फार नसतात.

हे इतर जीव म्हणजे मोठीच डोकेदुखी. शेवाळावर डायटम असतात, जिवाणू असतात, दुसरी बारीक शेवाळं उगवलेली असतात. नीट साफ केलं नाही तर तुम्ही नाव लिहाल सरगॅसमचं आणि डीएनए वाचाल त्याच्यावर बसलेल्या पाहुण्याचा. म्हणून भिंगाखाली मऊ ब्रशने तुकडा साफ करतात, तोही गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात. गोड्या पाण्यात बराच वेळ ठेवला तर पेशी फुगून फुटतात आणि जे हवंय तेच वाहून जातं.

मग टिपकागदाने पाणी टिपायचं आणि तुकडा सिलिका जेलच्या पिशवीत टाकायचा. नव्या बुटांच्या खोक्यात जी दाण्यांची पुडी असते, तेच हे सिलिका जेल. तुकडा जितका लवकर वाळेल तितकं बरं. मासळीसारखं वाळूवर उन्हात पसरून चालत नाही, कारण सावकाश वाळताना पेशीतली एन्झाइम्सच डीएनएचे तुकडे पाडतात, आणि उन्हातले अतिनील किरण उरलेलं काम करतात. फॉर्मॅलिनही टाळायचं. पूर्वी शेवाळाचे नमुने सर्रास फॉर्मॅलिनमध्ये ठेवत. त्यात आकार छान टिकतो, पण डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि मोडतो.

आणि त्याच झाडाचा उरलेला भाग जाड कागदावर पसरून दाबून ठेवायचा. बहुतेक वेळा डिंक लागत नाही, शेवाळ स्वतःच्या चिकटपणानेच कागदाला चिकटतं! त्यावर ठिकाण, तारीख, खडकावरची जागा लिहायची. उद्या कोणी विचारलं की हा डीएनए कोणाचा, तर दाखवायला हा कागद हवा. लिनियसने ठेवला होता म्हणूनच अडीचशेहून अधिक वर्षांनी त्याचं नाव तपासता आलं.

प्रयोगशाळेत

आता पायऱ्या पाहू. सगळ्यांत जास्त वापरली जाते ती सीटॅब पद्धत. वनस्पतींसाठी ती १९८० च्या दशकात रुळली आणि शेवाळासाठी तिच्यात फेरफार होत गेले.

पहिली पायरी, भुकटी करणं. वाळलेला वीसेक मिलिग्रॅम तुकडा पुरतो. खलात द्रवरूप नायट्रोजन ओततात. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. त्यात शेवाळ काचेसारखं ठिसूळ होतं आणि पिठासारखं वाटलं जातं. गारठ्यामुळे एन्झाइम्सही गप्प बसतात.

दुसरी पायरी, द्रावणात मुरवणं. ६० ते ६५ अंशांवर अर्धा ते एक तास. या द्रावणात प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. सीटॅब हा एक प्रकारचा साबण. तो पेशीची पटलं फोडतो, आणि मीठ भरपूर असेल तर प्रथिनं आणि आम्लधर्मी पॉलिसॅकराइड्स यांच्याशी गाठ बांधतो; डीएनए मात्र पाण्यात विरघळलेलाच राहतो. इथे मिठाचं प्रमाण फार महत्त्वाचं. साधारण १.४ मोलर मीठ घेतात. ते बरंच कमी झालं तर सीटॅब डीएनएलाच धरून खाली बसतो आणि सगळा डाव उलटतो. ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवतं. डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना मॅग्नेशियम लागतं, ते नसलं की ती लुळी पडतात. पीव्हीपी नावाचा पदार्थ फेनॉल्सना आपल्याकडे ओढून घेतो. आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल फेनॉल काळे पडू देत नाही. त्याचा वास भयंकर असतो, म्हणून हे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं.

तिसरी पायरी, क्लोरोफॉर्म. चोवीस भाग क्लोरोफॉर्म आणि एक भाग आयसोअमाइल अल्कोहोल घालून नळी हळूहळू उलटसुलट करायची. खसाखसा हलवायची नाही, लांब धागे तुटतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तीन थर होतात. खाली रंगीत क्लोरोफॉर्म, मध्ये पांढरट चकती, वर स्वच्छ पाणी. डीएनए वरच्या पाण्यात. तो थर काढताना लोभ करायचा नाही. शेवटचे थेंब ओढायला गेलात की मधली चकती बरोबर येते. शेवाळ चिकट असेल तर ही पायरी पुन्हा करतात.

चौथी पायरी, थंड आयसोप्रोपेनॉल घालून डीएनए खाली बसवणं. इथे एक छान युक्ती आहे. द्रावणात मीठ जास्त ठेवलं तर बरीच पॉलिसॅकराइड्स अल्कोहोलमध्ये विरघळलेली राहतात आणि डीएनए तेवढा खाली बसतो. दोघे सारखे वागतात म्हणालो ना, त्यांच्यातला हा छोटासा फरक आपण वापरून घेतो. मग ७० टक्के इथेनॉलने धुऊन, किंचित वाळवून, डीएनए बफरमध्ये विरघळवायचा.

मिळालं ते डीएनएच आहे का?

नळीच्या तळाशी काय दिसतं ते आधी डोळ्यांनी बघा. पांढरा बारीक ठिपका असेल तर उत्तम. पारदर्शक, जेलीसारखा मोठा गोळा दिसला तर आनंद मानू नका, ते पॉलिसॅकराइड. तपकिरी छटा असेल तर फेनॉल.

नंतर यंत्रावर प्रकाश किती शोषला जातो ते मोजतात. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या मापांचं गुणोत्तर १.८ च्या आसपास असेल तर प्रथिनं निघून गेलीत. पण शेवाळवाल्यांचं खरं लक्ष दुसऱ्या गुणोत्तरावर असतं, २६० भागिले २३०. ते २ च्या आसपास हवं. खूप खाली आलं तर साखळ्या किंवा फेनॉल अजून आत आहेत असं समजायचं.

त्यानंतर जेलवर डीएनए धावतो. विजेचा दाब दिला की तो धन टोकाकडे सरकतो. ही जेल कशाची? अगरोजची. अगरोज कशातून येतं? अगरमधून, म्हणजे लाल शेवाळातून! ज्या पदार्थापासून डीएनए सोडवायला आपण दिवसभर झगडलो, त्याच्याच शुद्ध रूपावर तो तपासतो. नमुन्यात साखळ्या राहिल्या असतील तर डीएनए खाचेतच अडकून बसतो किंवा वेडावाकडा पसरतो.

पुढे काय वाचतात?

सगळा डीएनए वाचायची दर वेळी गरज नसते. ओळखीपुरता एक ठरावीक तुकडा घेतात, वस्तूवरच्या बारकोडसारखा. लाल आणि तपकिरी शेवाळात मायटोकॉन्ड्रियामधला कॉक्स-वन, हिरव्यात हरितलवकातला टफ-ए, आणि अनेक गटांत आरबीसी-एल. मायटोकॉन्ड्रिया आणि हरितलवक यांच्या डीएनएच्या प्रती एका पेशीत पुष्कळ असतात, त्यामुळे जुन्या, मोडक्या नमुन्यातही काहीतरी हाती लागतं.

पीसीआरमध्ये या तुकड्याच्या प्रती दर फेरीला दुप्पट होतात. सगळं बिनचूक चाललं तर तीस फेऱ्यांत एकाचे सुमारे १०७ कोटी. पण हे काम करणारं एन्झाइम नाजूक असतं. नमुन्यात कॅराजीननसारखी साखळी थोडी जरी राहिली तरी ते बंद पडतं. म्हणून पीसीआर चालला नाही तर डीएनए नाही असा निष्कर्ष लगेच काढायचा नाही. नमुना दहा पट, शंभर पट पातळ करून पुन्हा लावायचा. अडथळा विरळ होतो आणि डीएनए कामापुरता उरतो. कमी घातलं तर जास्त मिळतं, असा हा उलटा हिशेब. आणि दर वेळी एक रिकामी नळी सोबत चालवायची, फक्त पाण्याची. तिच्यात काही दिसलं तर सगळा दिवस वाया गेला असं समजून पुन्हा सुरुवात.

यावर कोणाचं काय अवलंबून आहे?

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग. कप्पाफायकस अल्वारेझिआय नावाचं लाल शेवाळ आहे. कॅराजीननसाठी त्याची शेती १९७० च्या दशकात फिलिपीन्समध्ये सुरू झाली आणि तिथून अनेक देशांत गेली. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्थेने त्यावर काम केलं आणि तमिळनाडूच्या रामनाथपुरम भागात किनाऱ्यावरच्या बायकांनी ही शेती उचलून धरली. बांबूचा तराफा, त्यावर दोऱ्या, दोरीला शेवाळाचे तुकडे बांधलेले. साधारण ४५ दिवसांत कापणी. कापलेल्यातलाच तुकडा पुन्हा दोरीला.

इथेच मेख आहे. बी नाही, मिलन नाही. उसाच्या कांडीसारखं तुकड्यातून तुकडा. २००६ साली वेगवेगळ्या देशांतल्या शेतांमधल्या नमुन्यांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तुलनेसाठी वाचला गेला, तेव्हा दिसलं की जगभर लावलं जाणारं अल्वारेझिआय जवळजवळ एकाच मातृवंशाचं आहे. बाजारात त्याला कॉटोनी म्हणतात, आणि कॉटोनी नावाची खरी जात तर वेगळीच आहे! आता पीक एकसारखं असलं की रोगही सगळ्यांना एकदम लागतो. तमिळनाडूत २०१३ नंतर हे पीक मोठ्या प्रमाणावर मेलं आणि उत्पादन कोसळलं. त्यामागे पाण्याची उष्णता होती, इतर कारणंही होती. पण सगळं पीक एकाच ताणाचं असेल तर त्यात टिकून राहणारं कोणी सापडण्याची शक्यता कमी, हे साधं गणित आहे.

दुसरी बाजूही आहे. मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ हेच शेवाळ प्रवाळांवर पसरल्याची नोंद २००८ साली झाली. शेतातून सुटलेला तुकडा आणि मूळचं स्थानिक शेवाळ लहानपणी सारखंच दिसू शकतं. नक्की कोण, हे ठरवायचं तर पुन्हा डीएनए. कोकणातही शेवाळशेतीची चर्चा होते. माझं म्हणणं एवढंच की बाहेरून बियाणं आणण्याआधी आपल्या खडपांवर काय आहे त्याची नीट नोंद हवी. नंतर ती करता येणार नाही, कारण तेव्हा आधी काय होतं हे सांगणारा नमुनाच नसेल.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: केळ्यातून डीएनए काढायचा घरगुती प्रयोग असतो, तसा शेवाळावर करता येईल का?

केळं, मीठ, भांडी धुण्याचा साबण आणि गार स्पिरिट, तोच ना? जरूर करा, पण केळ्यावरच. शेवाळावर केलात तर पांढरे धागे भरघोस दिसतील आणि त्यातले बहुतेक डीएनएचे नसतील. केळ्यातही धाग्यांबरोबर पेक्टिन असतंच, शेवाळात तर विचारूच नका. आणि आज सांगितलेली क्लोरोफॉर्मची पद्धत घरी अजिबात करायची नाही.

प्रश्न: तयार किट मिळतात. मग एवढं सगळं कशाला?

किट सोयीची असतात. त्यात डीएनए सिलिकाच्या पडद्याला चिकटतो आणि बाकीचं वाहून जातं. पण चिकट शेवाळाने तो पडदा तुंबतो. म्हणून बरेच जण आधी सीटॅबने गाळ काढतात आणि मग किटच्या पडद्यातून नेतात. दोन्हींची सांगड घालायची.

प्रश्न: सुशीतल्या नोरीतून किंवा चायना ग्रासमधून डीएनए मिळेल?

नोरी म्हणजे वाळवलेलं लाल शेवाळच. भाजल्यामुळे डीएनएचे तुकडे झालेले असतात, तरी ओळखीपुरता छोटा तुकडा मिळू शकतो. चायना ग्रास मात्र शेवाळ उकळून, गाळून बनवतात. त्यात साखळ्याच उरतात, डीएनए मिळणं फार कठीण.

प्रश्न: आमच्यासारख्या सामान्य माणसाने काय करावं?

मालवणच्या सागरी अभयारण्यासारख्या ठिकाणी परवानगीशिवाय काही तोडू नका. पण फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, शेजारी मोजपट्टी ठेवा. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतीशास्त्र विभागाला कळवा. तिथे कपाटात जुने शेवाळाचे कागद पडून असतील तर त्यांना वाळवी लागू देऊ नका. त्यांच्यात अजून वाचण्यासारखं बरंच काही आहे.